झाडांतले मैदान

शाळेला मैदान हवे याविषयी दुमत नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत वर्गखोल्या, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि स्वयंपाकघर यांच्या जोडीला क्रीडांगणही आहे. मात्र ते किती मोठे असावे, सपाट असावे की चढउताराचे, उघडे असावे की झाडांचे, याविषयी अनुसूची मौन पाळते. हे मौन सोयीचे आहे. पण त्याचा लाभ कोणी घेत नाही. मैदान म्हटले की नागपूर-पुण्याच्या शाळांचे लाल मातीचे चौकोनी पटांगण डोळ्यांपुढे उभे राहते, आणि भामरागडसारख्या तालुक्यातही पहिला विचार होतो तो झाडे काढून जमीन सपाट करण्याचा.

या विचारातील अंकगणित तपासून पाहण्यासारखे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने शाळा, दवाखाना, अंगणवाडी अशा शासकीय सोयींसाठी वनजमीन देण्याची सुलभ वाट ठेवली आहे; पण तिला तीन अटी आहेत. जमीन एक हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी पंचाहत्तरहून अधिक झाडे तोडली जाता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. चारशे मीटरची धावपट्टी आखावयाची तर दीड हेक्टरहून अधिक सपाट जमीन लागते. म्हणजे शहरी नमुन्याचे पुरे मैदान या वाटेने मिळणारच नाही. मिळेल ते अर्धेमुर्धे, आणि त्यासाठीही झाडे जातीलच. पुढे उघडी पडलेली माती या भागातील धुवाधार पावसात वाहून जाते. दर दिवाळीनंतर मुरूम टाकण्याचा खर्च उभा राहतो. एकदाच करावयाच्या खर्चाला मंजुरी मिळते, दरसालच्या खर्चाला मिळत नाही, हा आपल्या सार्वजनिक बांधकामांचा सर्वपरिचित रोग आहे. तोडलेल्या झाडाची किंमत तर हिशेबात लाकूड म्हणूनच धरली जाते. मोहाचे फूल, टोळीचे तेल, चारोळी, सावली यांचा रकाना त्या वहीत नसतो.

म्हणूनच एका परक्या खेळाकडे जरा लक्ष द्यावे असे वाटते. हवेत तरंगत जाणारी फ्रिस्बीची तबकडी बहुतेकांनी पाहिली आहे. ती तबकडी झाडांमधून फेकीत नेऊन ठरलेल्या खांबावरील टोपलीत टाकावयाची आणि कमीत कमी फेकींत सारे टप्पे पुरे करावयाचे, असा हा ‘डिस्क गोल्फ’ आहे. त्याचे पहिले कायमचे क्रीडांगण 1975 मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह या उद्यानात एड हेड्रिक यांनी आखले. आज फिनलंडसारख्या अरण्यप्रधान देशात अशी शेकडो क्रीडांगणे आहेत. नावातील गोल्फ शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. गोल्फला हिरवळ आणि श्रीमंती लागते. या खेळाला झाडे लागतात. इतर खेळांत जो अडथळा मानला जातो, तोच येथे खेळाचा आशय ठरतो. झाड तोडले तर खेळच फिका पडतो. लहान मुलांसाठी तीस-चाळीस मीटरांचे सहा टप्पे एका हेक्टरात, एकही झाड न पाडता, बसविता येतात.

भामरागडपासून जवळच हेमलकसा येथे 1973 साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि 1976 मध्ये तेथे निवासी शाळा उभी राहिली. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या या कार्याचा 2008 मध्ये मॅगसेसे पुरस्काराने गौरव झाला, हे वाचकांना ठाऊकच आहे. दवाखाना, शाळा आणि अनाथ वन्यप्राण्यांचा सांभाळ हे सारे तेथे शेजारीशेजारी नांदले. जंगल हे शिक्षणाच्या कुंपणापलीकडले प्रकरण नव्हे, ही गोष्ट तेथे पूर्वीच सिद्ध झाली आहे. परंतु सर्वसाधारण आश्रमशाळेत चित्र निराळे असते. माडिया घरातले मूल पहिल्या दिवशी मराठी ऐकते आणि गप्प बसते. घरी ज्याने बाण मारण्याचा सराव केला, पाऊलखुणा ओळखल्या, कोणते फळ केव्हा पिकते हे पाठ केले, ते मूल वर्गात ‘कच्चे’ ठरते. झाडांमधून तबकडी कशी वळवावी, वारा कोणत्या फांदीकडून येतो, हे त्याला शिकवावे लागणार नाही. ते शिक्षकालाच शिकवील. वर्षातून काही तास तरी गुरुशिष्यांच्या जागा बदलल्या, तर त्याचा परिणाम वर्गातही उमटेल अशी अपेक्षा अवास्तव नाही.

परकी वस्तू कशाला, कबड्डी-खोखो काय कमी आहेत, असा आक्षेप येईल. ते खेळ राहावेतच; त्यांना जागाही थोडी लागते. क्रिकेटला मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही, हेही नमूद करावयास हवे. खर्चाची शंका अधिक रास्त आहे. बाहेरून साखळ्यांच्या लोखंडी टोपल्या मागवून त्यांचे उद्घाटन करावयाचे असेल, तर हा उद्योग न केलेला बरा. बांबूच्या प्रदेशात टोपलीची वाण नाही. तबकडी नसेल तेथे टेनिकॉइटची रबरी रिंग चालेल. ती शाळेच्या कपाटात बहुधा धूळ खात पडलेली असते. सापविंचवाचे भय खरे आहे. पावसाळ्यात, रान माजलेले असताना, खेळ बंदच ठेवावा. तसेही 2019 च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडला अनेकदा वेढले, तेव्हा शाळेत पोहोचणे हाच खेळ होता.

अशा क्रीडांगणावर झाडांच्या नावांच्या पाट्या लावण्याची हौस शिक्षण खात्याला नक्कीच होईल. पाट्या लावाव्यात, पण खिळे ठोकून नव्हे. त्यांवर ऐन, तेंदू, बेहडा ही मराठी नावे असावीत, त्याआधी माडिया नाव असावे, आणि ते गावातल्या म्हाताऱ्या बायांनी सांगितलेले असावे. लॅटिन नाव तिसऱ्या ओळीत आले तरी विज्ञानाचा अपमान होत नाही.

टप्पे कोठे असावेत हेही मुख्याध्यापकाने एकट्याने नकाशावर आखू नये. ग्रामसभेसोबत एकदा त्या जागेतून चालावे. मोहाच्या झाडांवर अनेक गावांत एकेका घराची वहिवाट असते. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे झाडाखालची जमीन झाडून ठेवतात, फुले वेचतात. ज्या टप्प्यात असे झाड येत असेल, तो टप्पा त्या दिवसांत बंद ठेवावा आणि टोपली उचलून दुसऱ्या झाडाकडे न्यावी.