घरपट्टी आणि दाद

घरपट्टी भरणे हे नागरिकाचे कर्तव्य होय. तशीच ती वाजवी असावी म्हणून दाद मागणे हा त्याचा हक्क होय. कर्तव्याची आठवण जप्तीची नोटीस करून देते. हक्काची आठवण कोणीच देत नाही.

मुंबईतील मिळकतदारांनी भांडवली मूल्यावरील आकारणीचे काही नियम न्यायालयात नेले आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयातही ते रद्दच ठरले. डहाणू तालुक्यातील कैनाडच्या घरधन्यास इतके दूर जावयाचे कारण नाही. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 124 अन्वये त्यास पंचायत समितीकडे, व त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते. परंतु अपील कशाविरुद्ध करावयाचे, हे आधी कळावयास हवे! 2015 च्या सुधारित नियमांनी गावची घरपट्टीही भांडवली मूल्यावर बसविली. जमिनीचा दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, घराचे वय व वापर यांवरून ते मूल्य ठरते. कुडाच्या घराची नोंद पक्के म्हणून झाली, किंवा पडवीचे माप वाढले, की आकडा फुगतो. आणि ती नोंद ‘नमुना 8’ मध्ये, कचेरीच्या दप्तरात असते.

म्हणून मागणीबिलावरच माप, प्रकार, दर व अपिलाची मुदत छापावी आणि आकारणी यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, अशी आमची सूचना आहे. गावाकडे घर असलेल्या आमच्या वाचकांनीही आपला ‘नमुना 8’ एकदा उघडून पाहावा. याने वसुली घटेल ही भीती व्यर्थ होय. कर कसा बसला हे ज्याला उमगले, तो भरण्यास कां कू करीत नाही.