हुकमाने न भरणारा गाभारा

मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग दिल्लीतील मराठी माणसाला मुख्यतः जुन्या महाराष्ट्र सदनामुळे परिचित आहे. त्या सदनाविषयीची माझी विनंती शेवटी येईलच; पण ज्या नगरीच्या सरकारने जुलै २०१८ मध्ये आपल्या शाळांतून बालवर्गापासून आठवीपर्यंत ‘हॅपिनेस’चा स्वतंत्र तास सुरू करून त्यात गोष्टीला रीतसर स्थान दिले, तेथील मराठी कुटुंबांनी तरी आपल्या कहाण्यांकडे केवळ श्रावणातला उपचार म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

कारण गोष्ट मुलाला बोलते करते. समुपदेशकापुढे बसलेले मूल आपले दुःख सरळ क्वचितच सांगते. ‘तू कोणाला डब्यातले का देत नाहीस?’ असे विचारले, तर ते मान खाली घालते. परंतु पावसात शेणाचे घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दाराशी भिजत उभा आहे आणि चिमणी बाळाच्या न्हाऊमाखूचे निमित्त सांगून त्याला तिष्ठत ठेवते आहे, एवढे सांगून ‘तिने दार लगेच का उघडले नसेल?’ असे विचारले, की तेच मूल चिमणीची किंवा कावळ्याची बाजू घेऊन बोलू लागते, आणि त्या वकिलीतून त्याच्या स्वतःच्या घरातले पुष्कळ काही कळते.

याहून मोलाची मला खुलभर दुधाची कहाणी वाटते. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजाने गावातले सारे दूध देवळात आणण्याचे फर्मान काढले. धाकाने लोकांनी घरातला थेंबन्‌थेंब आणून ओतला, वासरे आणि पोरे उपाशी राहिली, तरी गाभारा भरेना. मग एक म्हातारी आली. तिने आधी घरच्या मुलाबाळांना जेवू घातले होते, वासरांना तृप्त केले होते, आणि मग उरलेले खुलभर दूध भक्तिभावाने आणले होते. ते ओतताच गाभारा भरला. परोपकार हुकमाने होत नाही आणि जवळच्या भुकेल्या जिवाकडे पाठ फिरवून केलेले दान पोहोचत नाही, हा विचार आपल्या निरक्षर आजीबायांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला, याचा मला अतिशय अभिमान आहे. सर्वधर्मीय वर्गात या कहाणीतील व्रताचा भाग बाजूला ठेवला, तरी म्हातारीचे वर्तन पुरेसे बोलके आहे.

आपण मोठी माणसे मात्र गोष्ट संपताच तात्पर्य वसूल करू लागतो, औदार्याला गुण देतो, प्रगतिपुस्तकात त्याची नोंद करतो. म्हणजे त्या राजाचेच फर्मान पुन्हा काढतो. ऐकल्यावर मुलाला गप्प राहण्याची मुभा हवी, प्रसंगी चिमणीचे बरोबर होते असे ठासून म्हणण्याचीही. अर्थात, ज्या मुलावर घरी अत्याचार होतो आहे त्याला गोष्ट सांगून वाटेला लावणे हा अपराध होय. तेथे तज्ज्ञाचे साहाय्य आणि कायद्याचे संरक्षणच हवे.

साने गुरुजींच्या नावाने चाललेल्या कथामालेने महाराष्ट्रात मुलांना गोष्ट सांगणे हे सार्वजनिक कार्य मानले. त्याच धर्तीवर, ज्यांची आजी सांगलीला किंवा अकोल्याला राहिली, अशा दिल्लीतील मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने कोपर्निकस मार्गावरील सदनात महिन्यातून एक संध्याकाळ कथाकथनासाठी राखून ठेवण्याची तजवीज करावी, येथील शाळांच्या समुपदेशकांना त्या बैठकीस अगत्याने बोलवावे, आणि ज्या वडीलधाऱ्यांना कहाण्या मुखोद्गत आहेत त्यांनी आपली नावे तेथे आपण होऊन नोंदवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.