नकाशातली सफर : वाढतं, पण म्हातारं होत नाही!

बालमित्रांनो, नकाशाचं पुस्तक काढा पाहू! युरोपचं पान उघडा. खाली उजव्या हाताला ग्रीस सापडला? आता त्याच्या डोक्यावर बघा. तिथे बल्गेरिया नावाचा देश आहे. युरोपच्या या भागाला म्हणतात बाल्कन. बल्गेरियाच्या पश्चिमेकडे जे ठळक टिंब दिसतंय, ते राजधानीचं शहर सोफिया. आजची आपली सफर तिथलीच.

सोफिया समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या पुण्याएवढंच. पण शहराच्या दक्षिणेला अगदी पाठ टेकून उभा आहे व्हितोशा नावाचा डोंगर. त्याचं सर्वांत उंच शिखर चेर्नी व्रह, म्हणजे काळं शिखर, २२९० मीटर उंच आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. करा वजाबाकी! हिवाळ्यात या डोंगरावर बर्फ पडतं आणि सोफियाची मुलं शहरातल्या बसमध्ये बसून बर्फात घसरायला जातात. आहे की नाही मजा?

आता तुम्ही विचाराल, डोंगराच्या पायथ्याशी एवढं मोठं शहर वसलं कसं? त्याचं एक कारण जमिनीतून येणारं गरम पाणी. इथे उन्हाळे आहेत, आपल्या वज्रेश्वरीला आहेत तसे. आजही लोक बाटल्या आणि कॅन घेऊन येतात आणि शहराच्या मधोमध असलेल्या नळांवरून हे पाणी फुकट भरून नेतात. दुसरं कारण म्हणजे रस्ता. युरोपातून आजच्या इस्तंबूलकडे जाणारा रोमन लोकांचा मोठा लष्करी रस्ता इथूनच जायचा. पाणी आणि रस्ता एकत्र आले, की गावाला वाढायला वेळ लागत नाही.

सेर्दी नावाच्या टोळीवरून रोमन लोकांनी या शहराला नाव दिलं सेर्दिका. हे नाव नीट लक्षात ठेवा हं, कारण त्याच्याशी एक फार मोठी गोष्ट जोडलेली आहे. रोमन सम्राट गॅलेरियस हा ख्रिस्ती लोकांचा कट्टर वैरी होता. इ. स. ३०३ पासून रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला. प्रार्थनेच्या जागा पाडल्या, धर्मग्रंथ जाळले, माणसं मारली. पण ३११ साली मरणाच्या दारात असताना याच गॅलेरियसनं फर्मान काढलं, की ख्रिस्ती लोकांनी आपला धर्म खुशाल पाळावा आणि आपल्या देवाजवळ राज्यासाठीही प्रार्थना करावी! इतिहासात ते 'सेर्दिकाचं फर्मान' म्हणून ओळखलं जातं. ज्याला बळानं वाकवता येत नाही, त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्यावं, हे शहाणपण सम्राटाला सुचलं खरं, पण किती उशिरा!

त्याच शतकातली एक गोल, लाल विटांची इमारत अजून उभी आहे. तिचं नाव सेंट जॉर्ज रोटुंडा. सोफियातली ही सर्वांत जुनी इमारत. आज तिच्या चारी बाजूंना मोठाल्या सरकारी इमारती आणि हॉटेल आहे, आणि मधल्या चौकात ही आजीबाई शांत बसलेली आहे. तिच्या भिंतींवर वेगवेगळ्या शतकांतली चित्रं एकावर एक काढलेली आहेत. ऑटोमन तुर्कांच्या राज्यात तिची मशीद झाली आणि चित्रांवर गिलावा चढला. विसाव्या शतकात तज्ज्ञांनी तो हलक्या हातानं काढला, तेव्हा आतले चेहरे पुन्हा बाहेर डोकावू लागले.

थोडं पुढे गेलं की लागतं सेंट सोफिया चर्च. सोफिया या ग्रीक शब्दाचा अर्थ शहाणपण. सहाव्या शतकातल्या या चर्चवरूनच शहराला आजचं नाव पडलं. तुर्कांच्या काळात हीसुद्धा मशीद झाली. मग १८१८ आणि १८५८ मध्ये भूकंप झाले, मिनार कोसळला आणि मशीद ओस पडली. आज ते पुन्हा चर्च आहे. गंमत म्हणजे, त्याची घंटा बाहेरच्या झाडाला टांगलेली आहे!

तुर्कांचं राज्य इथे जवळजवळ पाचशे वर्षं टिकलं. रशिया-तुर्कस्तान युद्धात १८७८ साली ते संपलं आणि पुढच्याच वर्षी सोफिया राजधानी झाली. मग चक्र उलटं फिरलं. 'काळी मशीद' म्हणून ओळखली जाणारी मशीद १९०३ साली चर्च झाली. दुसऱ्या एका मोठ्या मशिदीत आज पुराणवस्तूंचं संग्रहालय आहे. आणि त्या युद्धात मेलेल्या रशियन सैनिकांच्या आठवणीसाठी सोनेरी घुमटांचं अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रल उभं राहिलं. त्याच्या बारा घंटांपैकी सर्वांत मोठी सुमारे १२ टनांची आहे, म्हणजे दोन मोठ्या हत्तींपेक्षाही जड.

पण काही इमारतींनी आपलं रूप बदललं नाही. गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ सोळाव्या शतकातली बान्या बाशी मशीद आहे. तिथून चालत काही मिनिटांवर १९०९ साली उघडलेला सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर. इथल्या बऱ्याच ज्यूंचे पूर्वज १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेले होते आणि त्यांना तुर्कांच्या राज्यात आसरा मिळाला होता. जवळच सेंट नेदेल्या हे ऑर्थोडॉक्स चर्च आहे आणि कॅथलिकांचं सेंट जोसेफ कॅथेड्रलही. म्हणजे चार प्रकारच्या प्रार्थना एका छोट्याशा फेरफटक्यात ऐकायच्या!

मात्र दोस्तांनो, इमारती शेजारी असल्या म्हणून माणसं शेजाऱ्यासारखी वागतातच असं नाही. त्याची परीक्षा झाली १९४३ साली. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि बल्गेरिया हिटलरच्या जर्मनीच्या बाजूला होता. ज्यूंविरुद्ध कायदे झालेच होते. आता ज्यूंना आगगाड्यांत भरून जर्मनांच्या हवाली करायचं गुपचूप ठरलं. ही बातमी फुटली, तेव्हा पार्लमेंटचे उपसभापती दिमितर पेशेव्ह यांनी सरकारला जाब विचारला आणि आपल्या सहकारी खासदारांच्या सह्या गोळा करून निषेधाचं पत्र दिलं. त्याबद्दल त्यांचं पद गेलं. सोफियाचे धर्मगुरू स्तेफान आणि प्लोव्हदिव्ह शहराचे धर्मगुरू किरिल, दोघंही ख्रिस्ती, ज्यूंच्या बाजूनं ठामपणे उभे राहिले. सामान्य माणसांनीही आवाज उठवला. सोफियाच्या ज्यूंना घरं सोडून खेडोपाडी जावं लागलं, हाल सोसावे लागले, पण मृत्यूच्या गाड्या तिथून निघाल्या नाहीत. बल्गेरियातले सुमारे ४८,००० ज्यू वाचले.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल. तेव्हा बल्गेरियाच्या ताब्यात असलेल्या शेजारच्या मुलखांतून ११,००० हून जास्त ज्यूंना पाठवण्यात आलं. त्यांपैकी जवळजवळ कुणीही परत आलं नाही. त्यांच्यासाठी वेळेवर कुणी उभं राहिलं नाही. किती फरक पडतो पाहा, कुणीतरी 'नाही' म्हणण्यानं आणि न म्हणण्यानं!

जाता जाता पुन्हा डोंगराकडे वळू या. व्हितोशाच्या पायथ्याला बोयाना नावाचं चिमुकलं चर्च आहे. त्यातली १२५९ सालची भित्तिचित्रं इतकी जिवंत आहेत, की चित्रातली माणसं आता बोलतील असं वाटतं. ते १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आपल्या श्वासातल्या ओलाव्यानं चित्रं खराब होऊ नयेत म्हणून एका वेळी थोड्याच लोकांना आत सोडतात, तेही काही मिनिटांसाठीच.

सोफियाचं बोधवाक्य आहे : 'वाढतं, पण म्हातारं होत नाही.' शहर नुसत्या नव्या इमारतींनी तरुण राहत नाही, बरं का. जुनं जपणारी आणि शेजाऱ्यासाठी उभी राहणारी माणसं तिथे लागतात.

आता तुमचा गृहपाठ. तुमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरात किती देवळं, मशिदी, चर्च, विहार, गुरुद्वारे आहेत ते मोजा. आई-बाबांना सोबत घ्या. प्रत्येक ठिकाणी एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा : हे कुणी बांधलं? कधी बांधलं? आणि अडचणीच्या वेळी इथे शेजारचं कोण धावून आलं होतं? उत्तरं वहीत लिहून ठेवा. तुमच्या गावाचा इतिहास त्या वहीतून सुरू होईल!