दर दाढीमागचा हिशेब

जनरल स्टोअरच्या काउंटरवर रेझर मागणारे गिऱ्हाईक दोन गोष्टी विचारते: केवढ्याला आणि किती पात्यांचा? त्याची ब्लेडं पुढे केवढ्याला पडतील, हे ते सहसा विचारत नाही आणि दुकानदारही आपणहून सांगत नाही. खरा खर्च मात्र तिथेच असतो. दांडी वर्षानुवर्षे टिकते, कार्ट्रिज पुन्हा पुन्हा घ्यावेच लागते.

दांडी स्वस्तात देऊन ब्लेडवर कमवायची युक्ती किंग कॅम्प जिलेटच्या नावावर सांगितली जाते. इतिहास वेगळा आहे. १९०३ मध्ये त्याच्या कंपनीचे अवघे ५१ रेझर खपले; १९०४ मध्ये पेटंट मिळाले. पेटंट हातात होते तोवर रेझरचा भाव ५ डॉलर होता, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन कामगाराच्या आठवड्याच्या पगाराचा जवळपास तिसरा हिस्सा. भाव उतरले ते १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर. पुढे कार्ट्रिज आल्यावर प्रत्येक रेझरची जोडणीच वेगवेगळी झाली. जिलेटच्याच मॅक थ्रीच्या दांडीला मॅक थ्री टर्बोचे कार्ट्रिज बसते, फ्यूजनचे बसत नाही. प्रोग्लाइडचे फ्यूजनला बसते. गार्डचे फक्त गार्डला. काउंटरवरच्या मुलाला एवढे तोंडपाठ असले तरी परत येणारी कितीतरी पाकिटे वाचतील.

गार्डची गोष्ट या व्यवसायातल्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. २००२ मध्ये जिलेटने भारतात व्हेक्टर हा रेझर आणला. त्याची आधीची चाचणी अमेरिकेत, एमआयटीतल्या भारतीय विद्यार्थ्यांकडून करून घेतली होती. त्यांच्याकडे वाहता नळ होता. इथला माणूस मगभर पाण्यात दाढी उरकतो, वाढलेले केस पात्यांत अडकून बसतात आणि रेझर चालेनासा होतो. पुढे कंपनीची माणसे घरोघरी बसून दाढ्या पाहू लागली, तेव्हा २०१० मध्ये गार्ड निघाला: रेझर १५ रुपये, कार्ट्रिज ५ रुपये. एकच पाते, कातडी सांभाळायला पुढे कंगव्यासारखे दाते, पाण्यात बुडवताच केस निघून जावेत म्हणून मोकळी जागा, दांडीला टांगायला भोक. मॅक थ्रीत पंचवीसच्या आसपास भाग, गार्डमध्ये चार. किंमत उतरली ती या साधेपणामुळे.

म्हणून आठवड्यातून एकदा, वाढलेली दाढी करणाऱ्या माणसाला पाच पात्यांचा रेझर गळ्यात मारणे हा त्याच्यावर अन्याय आहे. रोज दाढी करणाऱ्याला, त्यातही कातडी नाजूक असेल तर, तीन पाती सुखाची वाटू शकतात. ज्याचे केस कुरळे आहेत आणि मानेवर पुळ्या येतात, त्याला मात्र जास्त पाती विकू नयेत. अनेक पात्यांनी केस कातडीच्याही खाली कापला जातो आणि वाढताना आतच वळतो.

ब्लेड किती दाढ्या टिकेल, हे पात्यांच्या संख्येवर ठरत नाही. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले, की केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असूनही धारेचे कपचे काढतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर धार सारखी झिजत नाही. केस वाकून पात्याला तिरका भिडला, की पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे कपचा उडतो. भिजलेला केस कापायला जोर कमी लागतो. तेव्हा दाढीआधी दोन-तीन मिनिटे चेहरा कोमट पाण्याने भिजवा, हा फुकटचा सल्ला ब्लेडसोबत जरूर द्यावा.

भाव सांगायचा तो दर दाढीचा. समजा, एक कार्ट्रिज ६० रुपयांचे आणि त्यात बारा दाढ्या होतात, तर दाढीला ५ रुपये पडले. दुसरे १२ रुपयांचे, पण तीन दाढ्यांतच ओढू लागले, तर ४ रुपये. हिशेब कधी इकडे झुकतो, कधी तिकडे; गिऱ्हाइकाला त्याच्या मागच्या पाकिटात किती दाढ्या झाल्या, हे विचारल्याशिवाय तो मांडताच येत नाही. चार नगांच्या पाकिटावर एमआरपीसोबत एका नगाचा भावही छापावा लागतो. तिथे बोट ठेवून दाखवले की मोठे पाकीट खरेच स्वस्त आहे की नाही, ते बोलावे लागत नाही. स्त्रियांच्या रेझरबाबत तर ही सवय हवीच. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने २०१५ मध्ये केलेल्या पाहणीत स्त्रियांच्या नावाने विकली जाणारी कार्ट्रिज सरासरी ११ टक्के महाग निघाली होती.

दुकानदाराचा स्वतःचा हिशेबही याच रांगेत बसतो. स्कीममध्ये दांड्यांची खोकी उचलायची आणि त्यांची ब्लेडं महिनोन्‌महिने येत नाहीत, असा माल घेऊ नये. नवा रेझर मांडण्याआधी डिस्ट्रिब्युटरकडून रिफिल नियमित येईल याची खात्री करून घ्यावी, आणि रिफिल बिलावरच घ्यावीत; नकली कार्ट्रिजचे स्वस्त खोके बिलाशिवायच येते.