विचारून नेले, सांगायला कोण येणार?

वाचकहो, चकली-करंजीच्या ताटाशेजारी हा विषय रुचणार नाही, हे मी जाणून आहे. पण मी पडलो मॅट्रिक शिकलेला शाळामास्तर. विद्वानांच्या परिषदेत मला कोण बोलू देणार? तेव्हा दिवाळी अंकाचाच आसरा.

आमच्या मुरुडच्या कोळीवाड्यात मागे एक विदुषी आल्या होत्या. कुटुंब आणि आरोग्य या विषयावर त्या प्रबंध लिहीत होत्या. माझ्या एका विद्यार्थ्याची आई मासळीची पाटी बाजूला सारून त्यांच्यापुढे दीड तास बसली. मुले किती, जगली किती, पोटातच गेली किती, सारे तिने सांगितले. शेजारणीलाही कधी न बोललेले बोलली. पुढे बाईंना पदवी मिळाली, नोकरीही लागली, असे कानावर आले. परवा ती माउली मला म्हणाली, "मास्तर, त्या बायनी माजा समदा इचारून नेला, पन मना काय सांगला नाय."

माझी सारी तक्रार या एका वाक्यात आली.

विद्वत्ता फुकट आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. मुंबईला देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ सालापासून हे काम करीत आली आहे. तिच्या देखरेखीखाली २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ७,२४,११५ स्त्रियांनी उत्तरे दिली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, आणि आधीच्या पाहणीत हाच आकडा ४८ होता, हे त्यामुळेच कळले. पण कळले कोणाला? मंत्रालयाला कळले, परिषदांना कळले. जिच्याविषयी हा आकडा, तिला कळला का? कोणत्याही कोळीवाड्यात जाऊन विचारून पाहा!

दोष एकट्या त्या बाईंचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीला गुणांचा हिशेब लावला. छापलेल्या निबंधाला गुण मिळू लागले, मग विद्वानांची पावले नियतकालिकाकडेच वळली तर नवल काय? आम्ही मास्तर पोरांना गुणांमागे धावायला लावतो म्हणून नावे ठेवणारे हेच!

मराठीत शास्त्र मांडता येत नाही, ही सबब मात्र मी ऐकून घेणार नाही. आमचे मुरुड हबसाणातले. दापोलीजवळ दुसरे मुरुड आहे, ते कर्व्यांचे. त्या घरातले रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांनी प्राध्यापकी गमावली, खटले सोसले. तरी १९२७ पासून १९५३ साली डोळे मिटेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मराठीत चालवले. त्याच घरच्या सूनबाई इरावती कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली इंग्रजीत निघाला. पण त्याच्या दोन वर्षे आधी 'मराठी लोकांची संस्कृती' मराठी वाचकाच्या हाती पडले होते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. पदवी देण्याआधी विद्यापीठाने एवढेच विचारावे: ज्यांनी उत्तरे दिली, त्यांना त्यांच्या भाषेत चार पाने वाचून दाखवलीत का? जागा नाही म्हणाल, तर रविवारी माझा वर्ग मोकळाच असतो. सतरंजी मी घालीन. ती माउली पहिल्या रांगेत बसेल; आणि या खेपेला प्रश्न ती विचारील.