घरट्यावर कॅमेरा, आणि माळावर?

मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवर एका उंच इमारतीच्या कठड्यावर बहिरी ससाण्याची जोडी अंडी घालते आणि जगभरातले लोक ते लाईव्ह कॅमेऱ्यावर बघतात. अंडं फुटलं, पिल्लाला भरवलं, सगळं घरबसल्या. मग सोलापूरच्या माळढोकावर असा कॅमेरा का नाही लावला?

कारण दोघांच्या घरट्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, अगदी शब्दशः. ससाणा उंच कपारीत तीन-चार अंडी घालतो. तिथं एकदा बसवलेल्या कॅमेऱ्याचं त्याला सोयरसुतक नसतं. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुतेकदा एकच अंडं घालते आणि जवळपास चार आठवडे एकटीच उबवते. नर फिरकतही नाही. कुणी जवळ गेलं आणि ती उठली, की कावळे, कोल्हे, मोकाट कुत्री टपलेलीच. 'चला, जवळून फोटो काढू' हीच इथं सगळ्यात मोठी भीती.

आणि खरं सांगायचं तर ससाण्यालाही कॅमेऱ्यानं वाचवलं नाही. त्याला वाचवलं जुन्या नोंदींनी. ब्रिटनमध्ये ससाणे झपाट्यानं कमी झाले, तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहातली जुनी अंडी नव्यांशी ताडून पाहिली. 1967 मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की डीडीटीसारखी कीटकनाशकं वापरात आल्यापासून कवच पातळ झालंय. आईच्या वजनानंच अंडी फुटतायत. (ते संग्रह हौशी अंडी-चोरांचे होते, हा भाग वेगळा!) अमेरिकेनं 1972 मध्ये डीडीटीवर बंदी घातली आणि 1999 मध्ये ससाणा तिथल्या धोक्यातल्या यादीतून बाहेर पडला.

आता आपल्याकडं या. बार्शी रस्त्यावरचं नान्नज सोलापूरपासून वीसेक किलोमीटर. सत्तरच्या दशकात बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या सोलापुरातल्या पक्षी निरीक्षकानं इथल्या माळढोकाकडं लक्ष वेधलं, 1979 मध्ये अभयारण्य झालं, पुढं बीएनएचएसच्या असद रहमानींनी इथं अभ्यास केला. पण क्षेत्र धरलं तब्बल 8,496 चौरस किलोमीटर! त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. जमिनीचे व्यवहार अडले आणि पक्ष्याबद्दल राग साचला. नंतर ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर माळढोक हातातून निसटत होता. आज एखादा दिसला तरी बातमी होते.

त्यामुळं इथं घरट्याच्या निरीक्षणाआधी माळाचं निरीक्षण येतं. गवत किती उरलं, चराई कुठं वाढली, वीजवाहिनी कुठून गेली? समोरची तार माळढोकाला नीट दिसत नाही आणि एवढं जड धूड ऐनवेळी वळतही नाही. काळवीट, धाविक, चंडोल, हिवाळ्यात येणारे भोवत्या यांच्या नोंदीही त्याच वहीत हव्यात. आणि हो, 'माळढोक दिसला नाही' हीसुद्धा नोंदच आहे. आपण मात्र दिसला तरच लिहितो, तेही लगेच व्हॉट्सॲपवर लोकेशनसकट! ई-बर्डसारखं संकेतस्थळ धोक्यातल्या पक्ष्यांची नेमकी जागा मुद्दाम लपवतं. ग्रुपवरच्या अ‍ॅडमिनला हे कोण सांगणार?

तिकडं जैसलमेर भागात 2019 पासून माळावरची अंडी उचलून केंद्रात उबवली जातायत. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथं कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्मलं. ही पिल्लं पुढंमागं मोकळी सोडायची म्हटलं, तर पहिला प्रश्न येईल, कुठं? तेव्हा सोलापूरचं नाव घ्यायला अभयारण्याची जुनी पाटी पुरणार नाही. गेल्या दहा वर्षांत त्या माळावर गवत किती होतं, कुत्री किती आणि तारा किती, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागेल.