पस्तीस मिली पाणी

तर मंडळी, या वीकांताला जरा भांडण.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने नवीन गाडी घेतली. एक लिटरची टर्बो पेट्रोल, लाल रंग, खाली बसकी, एकदम झकास. पहिली सर्व्हिसिंग व्हायच्या आत साहेब तिला बाहेरचा 'इनटेक' बसवायला निघाले. म्हटलं, बे, पाऊस तोंडावर आलाय. तर म्हणे, "काही होत नाही. पाण्यात घालायची नाही, बस्स."

हे 'पाण्यात घालायची नाही, बस्स' वाक्य मी कमीत कमी दहा जणांकडून ऐकलंय. दुकानदार तेच सांगतो, लावून घेणारा तेच सांगतो, आणि इंजिन उघडून टेबलावर ठेवलेला मेकॅनिकही तेच सांगतो, फक्त भूतकाळात: "पाण्यात घालायला नको होती साहेब." आजचं भांडण या वाक्याशी आहे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनाला हवा लागते. कंपनी ती हवा बॉनेटच्या पुढच्या कडेजवळून, हेडलाइटच्या वरच्या पातळीवरून घेते. तिथून एक वेडावाकडा प्लास्टिकचा पाइप, मग एक मोठा डबा, डब्यात कागदी फिल्टर. बाहेरचा 'कोल्ड एअर इनटेक' बसवताना हे सगळं काढून टाकतात. त्याजागी चकचकीत अॅल्युमिनियमचा पाइप येतो, आणि त्याच्या टोकाचा शंकूसारखा उघडा फिल्टर नेऊन बसवतात कुठे, तर पुढच्या बंपरच्या आत, फॉग लॅम्पच्या मागे. कारण काय, तर तिथे हवा गार असते. (शॉर्ट रॅम नावाचा दुसरा प्रकार फिल्टर वरच, इंजिनाशेजारी ठेवतो. त्याला पाण्याचं भय कमी, पण तो बिचारा गरम हवाच ओढतो. त्याला आज सोडून देऊ.)

म्हणजे हेडलाइटच्या वर असलेलं नाक आपण पैसे देऊन जमिनीपासून दीड वीत उंचीवर आणून ठेवलं. आता कुहीची गोष्ट.

२०२४ च्या ऑगस्टमधला एक शनिवार. आम्ही दोन गाड्यांत सहा जण नागपूरहून अंभोऱ्याला निघालो होतो. वैनगंगेवरचा तो नवीन केबलचा पूल त्याच वर्षी खुला झाला होता, त्यामुळे नागपुरातलं प्रत्येक पोट्टं तेव्हा फोटो काढायला तिकडेच पळत होतं. पाचगाव, मग कुही, पुढे वेलतूर. सरळ जायचं सोडून आमच्या मॅपने कुहीच्या पुढे एका आतल्या रस्त्याला घातलं. आणि समोर आला रपटा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा, बिनकठड्याचा पूल. त्याच्यावरून पावसाळ्यात पाणी जायचंच, हे धरूनच तो बांधलेला असतो. त्या दिवशीही जात होतं, गढूळ, काळ्या मातीचं.

काठावर छत्री घेऊन एक काका उभे होते. म्हणाले, "नका जाऊ जी. अर्ध्या घंट्यात उतरते पानी." आमच्या मित्राला ते ऐकू गेलं असावं, पण त्याच वेळी पलीकडून एक ट्रॅक्टर रपट्यावर उतरला होता. ट्रॅक्टर येतो तर आपण का नाही! घातली गाडी. पाणी दाराच्या खालच्या कडेला टेकलं असेल, जास्त नाही. मधोमध ट्रॅक्टर बाजूने गेला, त्याची लाट आली, पुढचा बंपर एका क्षणापुरता बुडाला. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. फक्त 'खट्'. गाडी बंद.

मग त्याने जे केलं ते आपण सगळेच केलं असतं. स्टार्टचं बटण दाबलं. 'टक्'. परत दाबलं. 'टक्'.

मी मागच्या गाडीत, काठावर. शहाणा होतो म्हणून नव्हे, मागे होतो म्हणून. शेवटी त्याच ट्रॅक्टरवाल्याने दोर लावून गाडी बाहेर ओढली. काकांनी एका शब्दाने 'सांगितलं होतं न' म्हटलं नाही, उलट चहाचं विचारलं. फॉग लॅम्पमागचा फिल्टर काढला तेव्हा तो भिजलेल्या फडक्यासारखा पिळता येत होता.

आता थोडं गणित, रविवार असला तरी. ९९९ सीसी, तीन सिलेंडर, म्हणजे एकेक ३३३ सीसीचा. कॉम्प्रेशन रेशो १०.५ धरा. पिस्टन पूर्ण वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा ३३३ भागिले ९.५, म्हणजे साधारण ३५ मिली. चहाचे सात चमचे. टपरीवरचं कटिंग याहून जास्त असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एका सिलेंडरमध्ये पस्तीस मिलीपेक्षा जास्त पाणी शिरलं की पिस्टन वर जाऊच शकत नाही, पण फिरणारा क्रँक त्याला ढकलतच राहतो. मग मधला जो गरीब दांडा आहे, कनेक्टिंग रॉड, तो वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. गाडी आयडलवर असेल तर बरेचदा नुसती अडकून बंद पडते. जास्त आरपीएमवर असेल तर रॉड मोडून ब्लॉकला भोकही पाडू शकतो.

आणि ओढ किती? हेच इंजिन ३००० आरपीएमला टर्बोचा दाब न धरताही सेकंदाला जवळपास २५ लिटर हवा ओढू शकतं. म्हणजे आंघोळीची भरलेली बादली, दर सेकंदाला. अशा तोंडाला पाणी क्षणभर जरी लागलं तरी सात चमचे किती लांब आहेत ते तुम्हीच बघा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण आमच्या बाजूचे लोकही फेकतात. नुसत्या पावसाने हायड्रोलॉक होत नाही. धो धो पावसात हायवेने गेलात आणि बंपरमधल्या फिल्टरला तुषार लागले, तर इंजिन ते वाफ करून बाहेर टाकतं. बीएमडब्ल्यूने २०१६ च्या एम४ जीटीएसमध्ये तर इनटेकमध्ये मुद्दाम पाणी फवारलं, हवा गार करायला. तेव्हा 'पाऊस पडला, इंजिन गेलं' ही अफवा आहे. इंजिन मारतं ते साचलेलं पाणी, आणि समोरून येणाऱ्या एसटीची लाट. आणि आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर साचलेलं पाणी ही बातमी नसते, ते वेळापत्रक असतं.

बरं, या सौद्यात मिळतं काय? 'कोल्ड एअर'. समजा बंपरमधली हवा खरंच दहा अंशांनी गार आहे. चाळीस अंशांच्या आसपास दहा अंशांचा फरक म्हणजे घनतेत सुमारे तीन टक्के. ११० बीएचपीच्या गाडीत तीन-साडेतीन बीएचपी, तेही कागदावर. टर्बो गाडीत हवा पुढे इंटरकूलरमधून जातेच, तिथे यातलं बरंचसं पुसलं जातं. शिवाय किती बूस्ट द्यायचा हे ईसीयू ठरवतो, पाइप नाही. मग उरतो तो आवाज. टर्बोचा 'सूंऽऽ फुस्स'. आवाज छान असतो, मान्य आहे, मलाही आवडतो. पण मग आवाज विकत घेतोय म्हणा ना राव! आणि खरी गंमत पुढेच आहे. गार हवेची गरज नागपुरात मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत. त्या महिन्यात रपटे कोरडे. रपटे वाहतात तेव्हा हवा आपोआपच गार झालेली असते. म्हणजे जोखीम नेमकी त्या चार महिन्यांत, ज्यांत फायदा सगळ्यात कमी.

मी पोटासाठी दुसऱ्यांचा जुना कोड सांभाळतो. त्यात कधीकधी एखादी विचित्र कंडिशन सापडते, कॉमेंट नाही, कुणी लिहिली माहीत नाही. नवीन पोरगं येतं, 'हे कशाला' म्हणत उडवतं, टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं. मग महिनाअखेरीला रात्री दोन वाजता फोन. कंपनीच्या डब्याकडे बघताना मला तीच कंडिशन दिसते. पाइपला ते वळण का? हवा वळते, पाण्याचा जड थेंब वळत नाही, तो तिथेच पडतो. डबा एवढा मोठा का? आत हवेचा वेग कमी होतो आणि उरलेलं पाणी खाली बसतं. डब्याच्या तळाला बारीक भोक का? ते पाणी गळून जायला. हे वळण कुणीतरी कुठेतरी मार खाऊन टाकलंय. आपण ते 'रिस्ट्रिक्शन' म्हणून काढतो आणि तीन वर्षं काही झालं नाही म्हणून कॉलर ताठ करतो. तीन वर्षं काही झालं नाही याचा अर्थ तीन वर्षं लाट आली नाही, एवढाच.

यावर दुकानदाराकडे दोन उत्तरं तयार असतात. पहिलं, फिल्टरवर चढवायचा पाणी न शोषणारा मोजा. तो उडणाऱ्या तुषारांसाठी ठीक आहे. बुडाल्यावर त्याचा उपयोग नाही, आणि बनवणारेसुद्धा त्याहून जास्त आश्वासन देत नाहीत. दुसरं, बायपास व्हॉल्व्ह. पाइपमध्ये वर बसवतात, खालचं तोंड बुडालं की वरून हवा घेतो. कल्पना चांगली, पण तो साध्या इंजिनासाठी आहे, टर्बोसाठी नाही. आणि आजकाल जो तो टर्बोच घेतोय.

आता परत त्या वाक्याकडे. पाण्यात घालायची नाही, बस्स. रपट्यावर आमचा मित्र चुकलाच, वाहत्या पाण्यात गाडी घालणं हा जिवाशी खेळ आहे, डबा कुठलाही असो. पण पाणी दर वेळी रपट्यावर तुमची वाट बघत बसत नाही. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, माणसं गेली. त्या रात्री कोण 'पाण्यात घालायला' गेलं होतं? पाणीच पार्किंगमध्ये आलं. आणि सकाळी कित्येकांच्या मनात पहिला विचार काय आला असेल, तर गाडी सुरू होते का बघू! बुडालेली गाडी नुसती उभी असेल तर इंजिन बहुधा वाचतं. मारतं ते बटण.

नाग नदीचं ते पाणी पुढे कन्हानमधून वैनगंगेत उतरतं, याच कुही तालुक्याच्या अंगाने. गोसेखुर्दच्या पाण्याखाली इथल्या लोकांची गावं गेली आहेत. पाणी किती वेळात चढतं आणि किती वेळात उतरतं हे त्या छत्रीवाल्या काकांना कळतं, आणि आम्ही इंजिनिअर लोक ट्रॅक्टरच्या चाकावरून खोली मोजतो. त्याच अंभोऱ्यात मुकुंदराजांनी विवेकसिंधू लिहिला असं मानतात. (अंबाजोगाईकर भांडतील, भांडोत.) आमच्याकडे त्या दिवशी नुसताच सिंधू होता.

इन्शुरन्सचंही सांगून टाकतो. साध्या पॉलिसीत 'कॉन्सिक्वेन्शियल लॉस' वगळलेला असतो. पाण्याने इंजिन बंद पडलं आणि तुम्ही स्टार्टर मारलात, तर वाकलेला रॉड त्याच खात्यात टाकतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं अॅड-ऑन लागतं. मित्राकडे ते होतं. पण सर्व्हेअरने बॉनेट उघडून पहिला प्रश्न विचारला, "हा पाइप कंपनीचा आहे का?" गाडीत केलेला बदल इन्शुरन्सला कळवायचा असतो. याने कळवला नव्हता. क्लेम नामंजूर. दोन रॉड वाकलेले, एस्टिमेट साडेतीन लाख. पाइप होता अठरा हजारांचा.

तर नवीन लाल गाडीवाल्या मित्रा, तुला लावायचाच असेल तर लाव. पण कंपनीचा डबा भंगारात देऊ नकोस. मृग लागायच्या आधी तो परत बसव, दसऱ्यानंतर पुन्हा तुझा शंकू. स्क्रू ड्रायव्हर आणि एक तास, मी येतो मदतीला. पावसात ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद ठेव, नाहीतर पाण्यात थांबलेलं इंजिन तुला न विचारता सुरू होईल. पाण्यात गाडी बंद पडली तर बटणाला हात लावू नकोस; ढकलून बाहेर काढ, टो करून ने, स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर टाकल्याशिवाय कुणालाही सेल्फ मारू देऊ नकोस. आणि एकदा पाणी प्यायलेली गाडी सुरू झाली म्हणून खूश होऊ नकोस. टर्बोमधून गेलेलं पाणी खाली इंटरकूलरमध्ये साचून बसू शकतं आणि पुढच्या जोरदार अॅक्सिलरेटरला एकदम आत जातं. थोडासा वाकलेला रॉडसुद्धा काही दिवस मुकाट चालतो.

हे सगळं त्याला फोनवर सांगितलं. पाच सेकंद शांतता. मग म्हणाला, "डबा तर दुकानदाराकडेच राहिला बे." आज चार वाजता आम्ही तो आणायला चाललोय. बाहेर आभाळ भरून आलंय.